येणे

निझव्यात शुक्रवारी बकऱ्यांचा बाजार गोल फिरतो,
आणि कडेला, भिंतीच्या पट्टीभर सावलीत,
म्हातारे आपापल्या बंदुका टेकवून बसतात.
चांदीनं मढवलेली लांब नळी सगळ्यांनाच हवी.
सुलैम बिन खल्फानला हवी ती पंपाची,
छऱ्याची, शंभर वर्षांपल्याडची,
जिच्याकडे बोट दाखवून दलाल हसतात.
"ही शेखाची नव्हे, पहारेकऱ्याची,"
तो म्हणतो. "म्हणूनच."

तेरा होत्या त्याच्याकडे. गोळी एकही नाही.
मी दर शुक्रवारी दुपारी जातो, उस्ताद म्हणवून घेतो,
शिलाई मशीनच्या तेलाची बाटली खिशात.
मी मूळचा इचलकरंजीचा, मागाचे धोटे दुरुस्त करणारा;
पहिल्यांदा हातात घेऊन पंप मागे ओढला, पुढे ढकलला,
खट्-खटाक,
आणि बोटांना वाटलं, गल्लीत पाळी सुरू झाली.
सुलैमला सांगितलं, आमच्याकडे या आवाजातून धोतर निघतं.
तो इतका हसला की टोपी सरकली.

चौदावी मत्रहहून आली, फडक्यात गुंडाळून.
नंबर कानशीनं घासलेला,
पंपाच्या लाकडावरच्या खाचा एकाच बाजूला झिजलेल्या,
कुणी डावरा असणार, रात्रभर जागणारा.
दस्ता मात्र तिचा नव्हता.
अक्रोड नाही, शिसव.
मी मागची पट्टी उघडली, दोन स्क्रू,
एकाची खाच आधीच मोडलेली,
आणि आत, लाकडावर, पेन्सिलीनं
तीन ओळी. डोक्यावर एक सरळ रेघ
आणि तिला लोंबणारी अक्षरं, हात न उचलता लिहिलेली.

"हिंदी?" सुलैमनं विचारलं.
नाही, आमचीच. मोडी.
"मग वाच."
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
आजोबांच्या खरेदीखतावर पाहिली होती ही अक्षरं,
ट्रंकेच्या तळाशी, एवढीच ओळख.
आपलीच भाषा, आणि मी तिच्यापुढे
परवाना विसरलेल्या माणसासारखा उभा.

फोटो पाठवला गावाकडे,
रिटायर तलाठी उपाध्ये अण्णांना.
चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी, रात्री,
मुलीकडून टाइप करून घेतलेलं उत्तर:
"शिसव तोकडी पडली, सबब सांधा दिला आहे.
सांध्यावर भार देऊ नये.
मजुरी रुपये नऊ येणे."
खाली त्यांचं स्वतःचं: नाव नाही. सुतार चांगला होता.

मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं.
सुलैम आधी हसला, मग खोकला, मग गप्प झाला.
आत गेला. आईच्या डब्यातून
रुपये मोजून आणले, जुने, चांदीचे,
त्यावरचा राजा नाकापर्यंत झिजलेला.
इथंही चालायचे ते तेव्हा.
"घे."
मी कोण घेणारा?
"मग कोण?"
पंखा फिरत राहिला. खाली गल्लीत कुणी बकरी ओढत नेत होतं,
तिला जायचं नव्हतं.

त्याच्याकडे वही आहे, प्रत्येक बंदुकीला एक पान,
कुठून, कितीला, काय बिघडलेलं.
चौदाव्या पानावर त्यानं सावकाश लिहिलं
आणि मला बोट ठेवून वाचून दाखवलं:
ही अजून पुरती माझी नाही.
नऊ रुपये वाटीत, तिच्या शेजारी.

खोलीवर आलो तर कालिंदीचा फोन.
कंपनीनं पाच महिने पगार अडवलाय, तिला माहीत आहे,
म्हणून ते ती विचारत नाही. विचारते,
येणं कधी?
आहे, म्हटलं. येणं आहे.
"असं काय बोलताय?" ती म्हणाली,
आणि मागं कुकरची शिट्टी झाली.

पुढच्या शुक्रवारी लेथवर काढलेला नवा स्क्रू नेला,
पट्टी बसवली, त्या ओळींवर.
सुलैमनं पेन्सिल पुढं केली होती.
मी बराच वेळ ती कानामागं ठेवून
तेल पुसत राहिलो.